माझ्या पायऱ्या कुणी घासल्या?

माणसाने घर घेतलं की आतली बाजू त्याची आणि बाहेरची बाजू गावाची, असा बाल्टिमोरमध्ये कायदाच असावा. माझ्या स्वयंपाकघरातला नळ वर्षभर गळत होता, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. पण माझ्या घराचं तोंड कसं असावं, यावर मात्र ज्याला त्याला मत. जुन्या घरांची काळजी वाहणाऱ्या कुठल्याशा समितीची बाई येऊन सांगून गेली की दारावरचा हिरवा-पांढरा पत्र्याचा छज्जा ‘काळाला धरून’ नाही. मी म्हटलं, बाई, मीही नाही, मलाही काढून टाका. माझा भाचा गेरार्ड म्हणत होता, संगमरवरी पायऱ्या काढून लाकडी बसवू, नाहीतर आहे त्याच दगडात दोन्ही बाजूंना कठडा ठोकू. आणि माझ्या भिंतीला भिंत लावून राहणारा एमेट, त्याला तर माझी भिंतच नको होती.

आमच्या गल्लीत सगळी घरं एकमेकांना चिकटलेली, एका ओळीत. एमेट नवा. इस्पितळात रात्रपाळीचा नर्स, चाळिशीतला, एकटा, आणि इतका गोड बोलणारा की भांडण म्हणून जमायचं नाही. त्याचा डोळा भिंतीवरच्या खोट्या दगडावर होता. माझे वडील आणि त्या वेळचे शेजारी, दोघांनी मिळून तो दोन्ही घरांवर एकसंध लावून घेतला होता. विटांवर जाळी ठोकायची, त्यावर सिमेंट थापायचं, त्यात दगडांचे आकार कोरायचे आणि रंग द्यायचा. त्या काळी ज्याच्या घराला तो दगड, त्याच्या पोरीला स्थळं चांगली यायची.

“मिस लिओना,” एमेट म्हणाला, “आतली वीट किती सुंदर असेल, विचार करा. मी फक्त माझ्या बाजूचा काढतो. मधोमध कापायचं, बस.”

“आणि माझी बाजू लोंबकळत ठेवायची? माझ्या जिवात जीव आहे तोवर या दगडाला टाचणी लावायची नाही.”

“बरं, मिस लिओना,” म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी मला केळ्याचा केक आणून दिला. अशा माणसाचं करायचं काय?

पण छज्जा, दगड हे सगळं परवडलं. खरा जीव अडकला होता तो पायऱ्यांत.

आमच्याकडे पायऱ्या म्हणजे घराचा चेहरा. पांढरा संगमरवर, दारापासून थेट फुटपाथवर उतरलेला. शनिवारी सकाळी बादली, पूड आणि वजरीसारखा खरखरीत दगड घ्यायचा, गुडघे टेकायचे आणि घासायचं. माझी आई घासायची, आजी घासायची, मीही कळायला लागल्यापासून घासत आले. आणि आमच्या गल्लीचा एक नियम आहे, कुठे लिहिलेला नाही पण मोडायची कुणाची छाती नाही: आपल्या पायऱ्या आपण घासायच्या. दुसऱ्याच्या पायऱ्यांना हात लावायचा तो एकाच वेळी, त्या घरात कुणी गेलं तर. मग मात्र कुणी बोलवायची वाट बघायची नाही. सकाळी शेजारणी जाऊन पायऱ्या लख्ख करून ठेवतात, म्हणजे घरच्यांना त्या दिवशी तरी वाकावं लागत नाही. माझा नवरा कॅसिमिर गेला तेव्हा मी दार उघडलं तर समोरची टेकला खाली गुडघ्यांवर बसून घासत होती. वर बघितलंसुद्धा नाही तिने.

त्याच दिवशी जेवणाच्या वेळी गेरार्डने विषय काढला. आत्या, आता एकटी कशी राहणार, आमच्याकडे गावाबाहेर चल. मी अख्ख्या गल्लीसमोर त्याला सुनावलं, “ज्या शनिवारी मला माझ्या पायऱ्या घासता येणार नाहीत, त्या शनिवारी ये आणि मला उचलून घेऊन जा. तोवर हा विषय बंद.” गेरार्ड हिशेबनीस आहे. अशा माणसासमोर बोलताना जीभ आवरावी, हे मला तेव्हा सुचलं नाही.

या थंडीत माझा उजवा गुडघा गेला. एक पायरी घासायची, श्वास घ्यायचा, कठडा नाही म्हणून भिंतीला धरून उठायचं, असं चाललं होतं. आणि समोर बघावं तर टेकलाच्या पायऱ्या दुधासारख्या! टेकला समोरच राहते. पहिलीपासून आम्ही एका बाकावर बसलो आणि तेव्हापासून ती माझ्याहून एक पायरी वर असल्यासारखी वागते. माझ्याच वयाची बाई, पण मी शनिवारी पडदा सारते तर हिच्या पायऱ्या घासून, धुऊन, वाळूनसुद्धा झालेल्या.

“या वयात जमतं कसं गं तुला?” मी न राहवून विचारलं.

“सगळं मनगटात आहे, लिओना,” ती म्हणाली. “तू उगाच खांद्याने घासतेस.”

माझा नुसता जळफळाट झाला.

शेवटी डॉक्टर म्हणाले, गुडघा बदलायचा. मी एमेटचं इस्पितळ सोडून दुसरं गाठलं आणि गेरार्डखेरीज कुणाला कळू दिलं नाही. गल्लीला कळलं असतं तर दुसरा प्रश्न पायऱ्यांचाच आला असता. टेकलाला सांगितलं, गेरार्डबरोबर समुद्रावर चालले आहे.

“मार्चमध्ये?”

“मला थंड समुद्र आवडतो.”

“तुला पोहता येत नाही.”

“बघायला पोहावं लागतं का?”

तिने डोळे बारीक केले.

ऑपरेशन नीट झालं. मग मला गेरार्डच्या घरी नेलं. तिथे दारात पायरीच नाही, रस्ता सरळ घरात शिरतो. मला दिलेली खोली पिवळी होती, मला आवडतो तसाच पिवळा, आणि रंगाचा वास अजून गेला नव्हता. पाहुणीसाठी कुणी भिंती रंगवत नाही. खिडकीशी माझ्या खुर्चीएवढी जागाही मोकळी सोडलेली होती. पोरगा वाईट नाही हो. वाईट असता तर चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. मला भीती वाटत होती ती याचीच, की इथे सगळे इतकं चांगलं वागतील आणि मी तिथेच राहून जाईन.

डॉक्टरांनी शेवटी तपासलं आणि म्हणाले, चाला, जिने चढा, काही हरकत नाही. पण गुडघे टेकून बसायचं नाही. आता नाही आणि नंतरही नाही. गेरार्ड शेजारीच उभा होता. गाडीत त्याने विषय काढला नाही. नुसतं म्हणाला, “शनिवारी तुझ्या घरी जाऊ. तुला लागेल ते सामान घेऊ.”

शनिवारी गाडी गल्लीत वळली आणि मला दिसलं की कुणाच्या तरी दारात गर्दी आहे. काचेच्या दाराला काळी रिबीन. बायका काळ्या कोटांत, हातांत झाकलेली भांडी.

“गेरार्ड, कोण गेलं रे?” मी म्हटलं. “अरे देवा, मी इथे नव्हते आणि...”

“आत्या,” गेरार्ड गाडीचा वेग कमी करत म्हणाला, “ते घर तुझं आहे.”

माझंच होतं. छज्जा माझा, दार माझं, आणि पायऱ्या अशा पांढऱ्याफेक की डोळे दिपावेत. मी काच खाली केली.

कोपऱ्यावरच्या घरातल्या ऑड्रेने मला आधी पाहिलं. तिच्या हातात अख्खं हॅम होतं, त्यामुळे तिला क्रूसाची खूणही करता येईना. टेकला दारापाशी होती, काळा पोशाख, हातात बटाटा भरलेल्या, करंजीसारख्या पिएरोगींचं ताट. ती वळली. क्षणभर तिचा चेहरा असा झाला की मला माझीच दया आली. मग तिला राग आला.

“लिओना! तू मेली नाहीस?”

“मला तरी कुणी कळवलं नाही.”

“मग इतके दिवस समुद्रावर काय मासे मोजत होतीस?”

“आधी मला सांगा, माझ्या पायऱ्यांना हात कुणी लावला?”

मग ऑड्रेने सांगितलं. गुरुवारी सकाळी ती कुत्र्याला घेऊन निघाली तर एमेट माझ्या पायऱ्यांवर गुडघे टेकून घासत होता. गुरुवारी! शनिवार असता तर एक वेळ वाटलं असतं, पोराला नियम माहीत नाही. पण आडवारी, सकाळच्या थंडीत, कानात गाणी लावून, गंभीर चेहऱ्याने? “आणि तो इस्पितळातला माणूस,” ऑड्रे म्हणाली, “अशा बातम्या त्यालाच आधी कळणार.”

“आणि त्याला विचारलं नाहीस?”

“अगं, कुणी गेलंय तिथे चौकशा करत बसायच्या का? कामाला लागायचं. मी घरी जाऊन हॅम भट्टीत टाकलं.”

“माझ्याकडे एक फोन तरी करायचास!”

“केला ना. तुझ्याच घरी केला. कुणी उचलला नाही, मग तर खात्रीच झाली.”

अशा माणसांत मी अख्खा जन्म काढला आहे. मी कपाळावर हात मारून घेतला, आणि तेवढ्यात मला भिंत दिसली. माझ्या आणि एमेटच्या दारांच्या मधोमध, खालपासून थेट छपराच्या कंगोऱ्यापर्यंत, दगडावर खडूची सरळ रेघ.

“आणि हे काय? एमेट! एमेट, बाहेर ये!”

एमेट झोपेतून उठून आला, अंगात इस्पितळाचेच निळे कपडे, केस उभे. गर्दी पाहून गोंधळला, मला पाहून हसला. “मिस लिओना! आलात? सगळं ठीक?”

“सगळं ठीक, मी मेले आहे. आणि मी मेल्याबरोबर गवंडी बोलावून रेघा मारल्यास?”

“तुम्ही... काय झालात?” तो खरोखरच घाबरला. “तो नुसता मापं घ्यायला आला होता. तुम्ही परत आलात की दाखवणार होतो. कसं कापलं की तुमच्या बाजूला धक्का लागणार नाही, ते. तुम्ही गेल्याचं मला आत्ता कळतंय.”

“मग माझ्या पायऱ्या कशाला घासल्यास?”

“कबुतरांनी फार घाण केली होती. म्हटलं तुम्ही याल तेव्हा बरं वाटेल. त्यात काय एवढं, नाहीतरी दर शनिवारी मी...”

तो थांबला. त्याने टेकलाकडे पाहिलं आणि पटकन नजर खाली वळवली.

मीही टेकलाकडे पाहिलं. ती ताटावरचं झाकण उगाच सारखं करत होती. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. दुधासारख्या पायऱ्या. मी उठण्याआधी वाळलेल्या. सगळं मनगटात आहे म्हणे! पहिलीपासून मी या बाईला तोंडघशी पडलेली बघायची वाट बघत होते आणि आज अख्खी गल्ली साक्षीला उभी होती. माझं तोंड उघडलंसुद्धा होतं.

पण तेवढ्यात मागे खटकन आवाज झाला. गेरार्डने माझ्या बाजूचं दार उघडून मला उतरवायला गाडीच्या डिकीतून माझा चार पायांचा वॉकर काढून फुटपाथवर उघडला होता.

सगळ्यांच्या माना वॉकरकडे वळल्या, मग माझ्या पायाकडे. मला वाटलं, जमीन दुभंगावी.

“आत्या,” गेरार्ड हळू बोलला, पण सगळ्यांना ऐकू गेलं, “मला हे इथे बोलायचं नव्हतं. पण तू ज्यांच्यासमोर शब्द दिला होतास ते सगळे आहेतच, तर आजच होऊन जाऊ दे. डॉक्टर काय म्हणाले ते तूही ऐकलंस. तुला आता पायऱ्या घासता येणार नाहीत. आणि आज शनिवार आहे.” त्याचे डोळे भरले होते. “खोली तयार आहे गं.”

मला रडू फुटेल असं वाटलं, आणि त्या बायकांसमोर रडायचं म्हणजे खरोखर मेलेलं बरं. माझाच शब्द माझ्यावर उलटला होता. मी छज्ज्याकडे पाहिलं, वडिलांच्या खोट्या दगडाकडे पाहिलं, आणि त्या रेघेचाही मला राग येईना.

“आम्ही पाळीपाळीने घासू की,” ऑड्रे हॅम सावरत म्हणाली.

“ऑड्रे मावशी, नियम तुमचाच आहे,” गेरार्ड म्हणाला. “या गल्लीत जिवंत माणसाच्या पायऱ्या दुसऱ्याने कधी घासल्या आहेत का? एकाच्या तरी?”

बायका आपापल्या भांड्यांकडे बघायला लागल्या.

“माझ्या,” टेकला म्हणाली.

“काय?”

“माझ्या पायऱ्या. बहिरे झालात का सगळे?” तिने ताट ऑड्रेच्या हॅमवर ठेवून दिलं. “थंडीपासून हा एमेट घासतो. पहाटे रात्रपाळी संपवून येतो, माझ्या पायऱ्या घासतो आणि मग झोपायला जातो. माझी पाठ गेली आहे. मोजे चढवायला मला चिमटा लागतो. मीच त्याला म्हटलं होतं, कुणाला सांगितलंस तर खबरदार.”

ऑड्रेचा आ वासलेला. “पण टेकला, तू तर म्हणायचीस सगळं मनगटात आहे!”

“मनगटातच आहे. त्याच्या.”

कुणीतरी मागे फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. टेकलाचा चेहरा लालबुंद झाला होता, पण मान ताठ. मी तिला इतक्या वर्षांत चूक कबूल करताना पाहिलं नव्हतं, आणि आजही ती कबुली देत होती ती दम भरल्यासारखी. ती गेरार्डसमोर जाऊन उभी राहिली.

“आता तू मला सांग. नियमाने मी थंडीपासून मेलेली आहे. मला कुणी माझ्या घरातून उचलून नेलं का? बाईला पायरी घासता येते का हे काय बघतोस? पायरी चढता येते का ते बघ!”

“कठड्याशिवाय कशी चढणार?” गेरार्ड एवढंच म्हणाला.

आता सगळे माझ्याकडे बघायला लागले. कठड्याला मीच आडवी आले होते. संगमरवरात भोकं पाडून लोखंड ठोकायचं? माझ्या आजीने घासलेल्या दगडात? त्यावरून मी गेरार्डशी बोलणं टाकलं होतं. पण टेकलाने आत्ता सगळ्यांसमोर काय कबूल केलं होतं ते मी पाहत होते. तिच्यापुढे माझी ही दोन भोकं ती काय.

“बसव कठडा,” मी म्हटलं. “एकाच बाजूला. काळा. आणि वर नक्षीबिक्षी नको.”

“आत्या...”

“आज तरी तुझा हात दे.”

एका बाजूला गेरार्ड, दुसऱ्या बाजूला टेकला. तिची पाठ वाकत नव्हती आणि माझा गुडघा. बरा पाय आधी, मग नवा, असं मला इस्पितळात शिकवलं होतं. खालून सगळी गल्ली श्वास रोखून बघत होती, जसं काही मी कुठलं शिखर चढत होते. दाराशी पोचले, वळले, आणि पहिली गोष्ट दिसली ती म्हणजे मधल्या पायरीचा कोपरा.

“एमेट, हा कोपरा राहिलाय.”

“हो, मिस लिओना.”

“आणि इथून पुढे शनिवारी यायचं. गुरुवारी नाही. माणसांचे जीव जातात.”

“हो, मिस लिओना.” मग जरा थांबून, “आणि भिंतीचं?”

“माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही, म्हटलं होतं ना?”

“हो. पण मध्ये दोन दिवस...”

“एमेट!”

तो हसत आपल्या घरात गेला. खडूची रेघ मात्र मी गेरार्डला लगेच पुसायला लावली नाही. बघू, म्हटलं. त्याने कठड्याचं माप घेतलं आणि पिवळ्या खोलीबद्दल एक शब्दही न काढता निघून गेला. जाताना माझ्या डोक्यावर ओठ टेकले, तेव्हा मलाच वाईट वाटलं. रंग खरंच छान होता.

बायका पांगल्या. हॅम मात्र ठेवून गेल्या, मेलेल्या बाईला एवढं हॅम कशाला हवं असतं कुणास ठाऊक. टेकला थांबली. तिने दारावरची काळी रिबीन सोडली, नीट घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि स्वयंपाकघरात येऊन माझ्यासमोर बसली. नळ गळत होता.

“थंडीपासून मला सांगितलं नाहीस,” मी म्हटलं.

“आणि तू गुडघा कापून आलीस, मला सांगितलंस?”

“ते वेगळं.”

“काही वेगळं नाही.” ती टेबलावरचे न सांडलेले कण पुसत राहिली. तिच्या खिडकीच्या जाळीवर लाल छपराचं घर आणि दोन हंस रंगवलेले आहेत. बाहेरून नुसतं चित्र दिसतं, आत बसलेली टेकला दिसत नाही, तिला मात्र सगळी गल्ली दिसते. “गुरुवारपासून मी त्या जाळीमागे बसून तुझं दार बघत होते,” ती म्हणाली. “ऑड्रे म्हणाली तू गेलीस. मला माहीत होतं गं, हा पोरगा माझ्याही घासतो. मनात म्हणत होते, तसंच असेल, लिओनाच्याही सहज घासल्या असतील. रस्ता ओलांडून त्याला एक शब्द विचारायचा होता. पण विचारलं असतं तर ऑड्रेने मला विचारलं असतं, तुला असं का वाटलं म्हणून.” ती टेबल पुसायची थांबली. “नुसती लाज वाटली म्हणून मी दोन दिवस तुझ्यासाठी रडले, लिओना. काळा पोशाख घातला, पिएरोगी केल्या, पण विचारलं नाही.”

असा राग आला मला तिचा! उठून तिला गदागदा हलवावंसं वाटलं, पण उठायला वॉकर लागला असता आणि तो दाराशी होता.

“मूर्ख बाई,” मी म्हटलं. “पुढच्या वेळी मी मेले असं वाटलं तर लाज गुंडाळून ठेव आणि विचार.”

“आणि माझं काही झालं तर?”

“मी तुझ्या दारात येऊन बोंब मारीन. कठडा धरून.”

ती हसली, नाक पुसलं आणि ताटावरचं झाकण काढून माझ्यापुढे सरकवलं. पिएरोगी नेहमीसारख्या कोरड्या ठणठणीत होत्या. मी पुन्हा वाढून घेतल्या.